पुलाच्या अलीकडची आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरहून तिसगावलाच निघायच्या बेतात होतो, तिच्या टॅबसाठी चार्जरची नवी वायर घेऊन. "नलूआत्या गेली रं. झोपंतच," चुलतभाऊ म्हणाला. मी वायर खिशात घातली आणि तसाच निघालो... तिनं सांगितलेली वस्तू पोचवायची तर होतीच.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिसगावच्या बाजारपेठेत तिनं जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं, लग्न केलं नाही. तरुणपणी घरातली मोठी माणसं विचारायची, "नले, पोरगा पसंत हाय न्हवं?" की ही मशीन एवढ्या जोरात हाणायची की उत्तर कुणालाच ऐकू जात नसे. कित्येक स्थळं त्या खडखडाटात परत गेली म्हणे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुकान बंद झालं आणि बाईची तगमग सुरू झाली. म्हणून माझ्या मुलीनं तिला टॅबवर एक गोष्टीचा खेळ घालून दिला. त्यात डोंगरातली एक टपालवाली घोड्यावरून पत्रं वाटते. कुणी काही बोललं की खाली दोन-तीन उत्तरं येतात. आपण निवडू तशी गोष्ट पुढे जाते, असा खेळवाल्यांचा दावा. उत्तरं इंग्रजीत, त्यामुळे दर रविवारी दुभाषा मी. संवाद असे काही साभिनय म्हणायचो की शेजारच्या बायका कौतुकानं डोकावून जायच्या.

त्या खेळात एक लोहार होता. टपालवाली दिसली की सूपाची वाटी पुढे करायचा आणि आत्या दर वेळी घ्यायची. "दिल्या अन्नाला न्हाई म्हनू ने." आपल्याकडे साध्या चहाला नाही म्हणायची सोय नाही, हे त्या खेळवाल्यांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी प्रत्येक वाटी म्हणजे प्रेमाचं एक पाऊल. व्हायचं तेच झालं. टपालवाली खेळातल्या नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेली आणि लोहारानं गुडघा टेकला.

"चप्पल तुटली काय रं त्याची?"

"आत्या, तो लग्नाचं विचारतोय."

तिनं चष्मा सरळ केला. "उत्तरं वाच."

मी वाचली. 'हो.' 'मनापासून हो.' 'किती उशीर केलास विचारायला!'

"आन् 'न्हाई' कुठंय?"

"'नाही' नाहीच आहे, आत्या."

"मग इचारतो कशाला, मुडद्या?" हे लोहाराला.

पुन्हा पहिल्यापासून खेळलो. या खेपेला सूप घ्यायचं नाही. पण तिथं 'मला तुझं सूप नको' एवढंच कोरडं उत्तर. 'आत्ताच जेवून आले' असलं काही नाही. दर नकारानंतर ती पडद्याला म्हणायची, "राग मानू नको, बाबा." एवढं करूनही पूल ओलांडला आणि स्वारी गुडघ्यावर! मला हसू आवरेना. आत्या हसली नाही. "हितंबी तेच," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी गेलो तर खेळ सुरूच. टपालवाली पुलाच्या अलीकडे आरामात हिंडत होती. घोडा चारत होती, अलीकडच्या वाड्यांना पुन्हा पुन्हा चक्कर मारत होती.

"पूलच वलांडायचा न्हाई," आत्यानं जाहीर केलं.

"अगं, मग गोष्ट पुढे जायची नाही."

"त्याची. माजी चाललीय की." आणि घोडा पिटाळला.

पुढे ती रोज दुपारी अशीच हिंडायची. दुभाष्याची गरज उरली नव्हती; मी नुसता चहा पिऊन परतायचो.

दहाव्याला पाहुणे हळहळले, "बिचारी एकटीच राहिली शेवटपर्यंत." असली बोलणी खडखडाटात बुडवायला आत्याकडे मशीन होती, माझ्याकडे कुठली? सगळे पांगल्यावर नवी वायर लावून टॅब सुरू केला. टपालवाली पुलाच्या तोंडाशी उभी. पलीकडे लोहार, हातात वाटी घेऊन.

चुलतभावाची बायको मागून म्हणाली, "भाऊजी, जावा की पलीकडं. कळंल तरी शेवट काय हाय त्यो."

मी घोडा फिरवला आणि वाडीकडे सोडला. आता दर रविवारी थोडा वेळ चारून आणतो.