वासुदेवरावांचा ब्रेक मुरतो

दसऱ्याच्या दिवशी सकाळी धुई पडली होती. ती विरली आणि असं कडक ऊन पडलं, की धाडच्या बाजारातले झेंडूवाले छत्र्या उघडून बसले. त्या दिवसाचं शेवटी सांगतो. माझ्या सायकलच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंक्चर पाहायच्या टबात गाळ बसतो, तसे ते आपोआप तळाशी बसतात. हात घातला की वर येतात!

*

माझ्या शेजारी वासुदेवराव, पीठगिरणीवाले. त्यांनी डिस्क ब्रेकची सायकल घेतली ती व्याह्यांमुळं. लेकीचे सासरे चारचौघांत म्हणाले होते, "इवाई, या पोटानं तुम्ही सायकलवर? आमच्या गावचा उतार उतरून दाखवा, हार घालतो!"

वासुदेवरावांनी तिथंच शब्द दिला, "दसऱ्याचं सोनं द्याले सायकलवरच येतो. तुमच्या दारात ब्रेक मारतो!"

*

नवा डिस्क ब्रेक मुरवावा लागतो. मी त्यांना सांगितलं, "जोरात चालवा, ब्रेक दाबा, वेग पडला की सोडा, पुन्हा चालवा. पुरं थांबायचं नाही. पॅड आणि चाकातली ही लोखंडी थाळी घासून-घासून एकमेकांवर बसतात."

वासुदेवराव आमच्याच गल्लीत सुरू झाले. दर दारापुढं वेग कमी. आतून आवाज, "या, या!" चहाचं आधण चढे, तोवर हे पुढच्या दारी!

संध्याकाळी गल्ली रुसली. "गिरणीवाल्याले आता आपला चहा चालत नाही!"

दुसऱ्या दिवशी ते दर दारी थांबून चहा प्यायले. गल्ली खूश, वासुदेवरावांना पित्त, आणि ब्रेक तसाच कच्चा! शेवटी मी त्यांना गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर पाठवलं.

*

तिकडून आले तेव्हा थाळी चांगली तापली होती. मी म्हणालो, "हात लावू नका."

चहावाला गजानन म्हणाला, "काऊन, खरंच तापते काय?" आणि बोट लावलं. "आई वं!"

दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मग एकेकानं बोट लावून खात्री करून घेतली. त्या दिवशी गजाननचा चहा सगळ्यांनी डाव्या हातानं घेतला!

*

पुढं ब्रेक कुईकुई करू लागला. गजाननानं मोठ्या मायेनं थाळीवर गोडंतेल सोडलं. आवाज गेला. "पाहा, कशी चूप बसली!"

ब्रेकही गेला!

पॅड बदलले, थाळी स्पिरिटनं पुसली, पुन्हा मुरवणं आलं. या खेपेला गल्लीनं आधण ठेवलं नाही. मी ओट्यावर सगळ्यांना बजावलं, "थाळीले तेलाचा थेंबही लागू देऊ नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वासुदेवरावांच्या पत्नी शांतावहिनी तेवढ्या माहेरी होत्या.

*

दसऱ्याला वहिनींनी सायकल धुतली, हार घातला, आणि पूजेला त्यांना सायकलीवर देवाच्या ताम्हणासारखी गोल, चकचकीत जागा सापडली. दोन्ही चाकांत. तेल लावलं, त्यावर कुंकू, दिवा ओवाळला. वासुदेवराव आपट्याची पानं खिशात घालून निघाले. सपाट रस्त्याला ब्रेक लागतो कुठं?

सोनं द्यायला मी जीपनं व्याह्यांच्या गावी आधीच पोचलो होतो. व्याही हार घेऊन दारात उभे. अख्खा वाडा-शेजार गोळा झालेला.

उतारावर वासुदेवराव दिसले. ताठ बसलेले, मिशीवर हात. दार जवळ आलं, त्यांनी ब्रेक दाबला. व्याह्यांनी हार पुढं केला. हार हातातच राहिला, सायकल निघून गेली!

"राम राम, इवाईऽऽ!" एवढं ऐकू आलं.

पुढं खळ्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, मऊ भुशाचा ढीग होता. मी धापा टाकत पोचलो, तर वासुदेवराव त्यात गळ्याएवढे. हाडं शाबूत. थाळीवर कुंकू.

मागून व्याही ओरडत येत होते, "माह्या दारावरून गेले अन् थांबले नाही? काऊन?"

वासुदेवरावांनी माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा त्याले. म्हणा, ब्रेक मुरवून राह्यले. पुरं थांबायचं नसते."