मोटारीला लावलेली नळी

आमच्या थोरल्या आप्पांची लघवी अडली त्या दिवशी माझ्या नव्या मोटारीला एकवीस दिवस झाले होते, आणि त्यातले सोळा दिवस ती बेळगावला एजंटाच्या शेडमध्ये होती.

मी निपाणीत डॉक्टर. दवाखाना तंबाखूच्या पेठेत, रोगी भोवतालच्या पंधरा-वीस खेड्यांतले. पूर्वी मी घोडीवरून फिरायचो. ती कधी बंद पडली नाही, फार तर रुसायची. पण पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांनी मोटारी घेतल्या आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. ज्यांना कुठंच वेळेवर पोचायचं नाही ते मोटारीत, आणि ज्याच्या पोचण्यावर माणसाचा जीव तो घोडीवर! मी मोटार घेतली आणि त्याच आठवड्यात घोडी विकली. (बायको म्हणाली होती, "आधी चार दिवस मोटार चालवून बघा, मग विका." पण बायकोचं न ऐकण्याला आमच्या घराण्यात पुरुषार्थ म्हणतात.)

तिसऱ्या दिवशी मोटार चढावर थांबली आणि सावकाश उलटी खाली आली. बैलांनी ओढून बेळगावच्या रस्त्याला लावली, तिथून एका लॉरीच्या मागं बांधून एजंटाकडं नेली. एजंट मोठा गोड माणूस. काळा कोट, तोंडात लवंग.

"नवी आहे हो डॉक्टर! नव्या सुनेला घर समजायला वेळ लागतोच की."

"अहो, पण सून चढावरून उलटी येत नाही!"

"हळूहळू रुळेल," तो म्हणाला, आणि मला चहा पाजला.

मग कळलं की आतला एक भाग मुंबईहून मागवावा लागणार. तो आगगाडीनं निघाला, बेळगाव ओलांडून थेट लोंढ्याला गेला आणि तिथल्या गुदामात पडून राहिला. भागालासुद्धा बेळगावात उतरण्याचा धीर झाला नसावा! शेवटी तो सापडला, बसवला, आणि एजंटाचा फिटर गणपत मिस्त्री मोटार चालवत निपाणीला घेऊन आला. संध्याकाळ झाली म्हणून तो आमच्याकडंच मुक्कामाला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात दारात सायकल आदळली. सदलग्याहून माझा चुलतभाऊ बाबगोंडा आला होता, घामानं न्हालेला.

"दादा, आप्पांची लघवी बंद झालीया! काल रात्रीपासनं एक थेंब न्हाय. पोट ह्ये असं फुगलंय. म्हातारं वरडाय लागलंय नुसतं!"

थोरले आप्पा म्हणजे माझे चुलते, बाबगोंडाचे वडील. माझे वडील लवकर गेले. मला वाढवलं आप्पांनी आणि डॉक्टरही केलं त्यांनीच. "घरात एक डाक्टर असावा, येळंला उपेगी पडतोय," असं ते सगळ्यांना सांगायचे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला होणारं ते दुखणं मला नीट माहीत होतं. आत नळी घालायची, लघवी मोकळी करायची, पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं येईपर्यंत माणसानं जे सोसायचं असतं ते शत्रूलाही देऊ नये. आणि जास्त वेळ गेला की मूत्रपिंडं खलास.

मी बॅग भरली. एक रबरी नळी, मऊ, नवी. आणि एक धातूची, जुनी, अगदीच नाइलाज झाला तर वापरायची.

"दादा, माझ्या सायकलीवर मागं बसता का? दोन-अडीच तासांत पोचू."

"खुळा का काय तू? मोटार हाय की रं! तू हो पुढं. घरात सांग, दादा मोटारीनं येतोय, तुझ्या आधीच पोचंल!"

तो गेला. मी गणपत मिस्त्रीला शेजारी बसवलं (आता तर साक्षात फिटर बरोबर होता!) आणि आम्ही निघालो. अक्कोळच्या पुढं बाबगोंडाला गाठलं. मी हात हलवला. त्यानंही हलवला. पुढं मैलभरावर मोटार खोकली आणि थांबली. थोड्या वेळानं बाबगोंडा आला, उतरला, बघत उभा राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाय. तू हो पुढं."

तो पुढं झाला.

गणपतनं झाकण उघडलं, डोकं आत घातलं. तो मनानं फार चांगला माणूस होता. त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं. "झालंच सायेब, पाच मिंटं." त्या पाच मिनिटांवर मी तासभर बसलो. एक गूळ भरलेली बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "डाक्टर, बसा की, बेडकिहाळपतूर सोडतो." मी एक पाय चाकावर ठेवला आणि तेवढ्यात मोटार सुरू झाली! गाडीवानाला मी मोठ्या थाटात "लई उपकार झाले, पण नको" म्हटलं. त्याची गाडी पुढच्या वळणाआड गेली तशी मोटार जागच्या जागी पुन्हा गप्प.

या वेळी दुखणं सापडलं. पेट्रोलची तांब्याची नळी चिरली होती आणि पेट्रोल सगळं रस्त्यावर गळत होतं. लोंढ्याहून आलेला तो नवा भाग बसवताना हिला कुणीतरी पाना मारला होता.

"ह्ये आता शेडमध्येच व्हणार सायेब," गणपत म्हणाला. मग त्यानं माझ्या बॅगेकडं बघितलं. "एखादी रबराची नळी असती तर..."

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, मोटार चालली नाही तर ही नळी बॅगेत राहून तरी कुणाच्या उपयोगाची? आणि धातूची आहेच की! असा तर्क लढवायला माणूस शिकलेला लागतो. अडाणी माणूस नळी खिशात घालून चालत सुटला असता.

गणपतनं नळीचं टोक कापलं. मला बघवेना, मी पाठ फिरवली. त्यानं ती दोन्हीकडून तारेनं आवळली, हँडल मारलं आणि मोटार अशी काही पळाली म्हणता! मी आनंदानं ओरडलो सुद्धा. आप्पांची नळी घालून मोटार धावत होती आणि आप्पांचा पुतण्या ओरडत होता!

तीन मैल. बेडकिहाळच्या अलीकडं पेट्रोलनं रबर फुगलं, लिबलिबीत झालं आणि सुटलं. तिथून पुढं काहीच होण्यासारखं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं.

"गणपत, ती नळी दे."

त्यानं दिली. हातात धरवत नव्हती. घाण वास मारणारी, अळीसारखी मऊ. मी ती रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. का ठेवली कुणास ठाऊक!

मी चालायला लागलो. बुटांनी टाचा सोलल्या, मग बूट हातात घेतले. पाच मैलांवर एका शेतकऱ्यानं शेणखताच्या गाडीत घेतलं. अशा थाटात, हातात बूट आणि मांडीवर बॅग घेऊन, मी सदलग्यात शिरलो तेव्हा दुपार कलली होती.

आणि गल्लीत काय बघतो? बाबगोंडानं सांगितलं होतं की दादा मोटारीनं येतोय. म्हणून लोकांनी गल्लीतल्या बैलगाड्या काढल्या होत्या, म्हशी हलवल्या होत्या, धूळ उडू नये म्हणून पाण्याचा सडा मारला होता. अर्धं गाव दुतर्फा उभं. खताची गाडी बघून एक म्हातारा खेकसला, "ए, गाडी कडंला घे की! डाक्टरची मोटार येणार हाय!"

"काका, डाक्टर मीच," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. आतून णमोकार मंत्र ऐकू येत होता, आम्हा जैनांत शेवटच्या घडीला ऐकवतात तो.

आप्पा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओरडायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "आलास? लई येळ लागला रं." रागानं नाही म्हणाले. लांबच्या प्रवासातून आलेल्याची विचारपूस करावी तसं म्हणाले. तेवढं एक वाक्य मला अजून पचलेलं नाही.

मी धातूची नळी उकळून घेतली. रबरी नळी वळणानं वळते. धातूची वळत नाही, आपण तिला वळणातून न्यायचं असतं, आणि हात स्थिर लागतो. माझा हात पाच मैलांच्या चालीनं आणि लाजेनं थरथरत होता. दोनदा चुकलं. रक्त आलं. तिसऱ्यांदा गेली. आप्पांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की दाराबाहेरच्या लोकांनी तो ऐकला. काकीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "देवासारखा आलास बाळा."

चौथ्या दिवशी आप्पांना थंडी वाजून ताप भरला. अकराव्या दिवशी ते गेले. तोपर्यंत मी सदलग्यातच होतो. जे जे माहीत होतं ते सगळं केलं. रबरी नळी असती तर ते वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणून येत नाही. पुतण्या म्हणून येतं, पण सांगवत नाही.

सुतक फिटल्यावर मी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. रस्ताभर मनात शिव्यांची उजळणी करत होतो. एजंटासमोर उभा राहिलो, सगळं सांगितलं, टेबलावर मूठ आपटली. "तुमची मोटार परत घ्या!"

त्यानं शांतपणे लवंग गालात सरकवली आणि एक कागद काढला. गणपत मिस्त्रीचा रिपोर्ट. गणपत प्रामाणिक माणूस, त्यानं सगळं लिहिलं होतं. एजंटानं वाचून दाखवलं, "मालकानं स्वतःच्या बॅगेतील रबरी नळी बसविण्यास दिली." मग तो दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "बाहेरचा भाग लावला की कंपनीची हमी संपते हो डॉक्टर. तुम्ही असं करायला नको होतं."

माझं सगळं अवसान गळालं. कारण त्या माणसानं महिनाभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलंच खरं वाक्य होतं.

"मग निदान अर्ध्या किमतीला तरी घ्या," मी म्हटलं.

"मी?" तो दचकला. "छे छे! मला ती मोटार चांगली माहीत आहे."

घोडी परत मिळाली नाही. तिचा नवा मालक म्हणाला, गुणाचं जनावर आहे, कोण विकेल? मी सायकल शिकलो. चाळिशीत शिकलो, त्यामुळं निपाणीकरांची महिनाभर करमणूक झाली. मोटार दवाखान्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या.

वर्षभरानं एका सकाळी दवाखान्यापुढं बैलगाडी थांबली. बघतो तर काकी! गादीवर आडवी, अंगात सणकून ताप, पायाला गळू. बाबगोंडा गाडी हाकत होता. त्यानं बैल सोडले आणि मोटारीच्या चाकाला बांधले. गावात ती एकच वस्तू जागची न हलणारी आहे, हे त्याला न सांगता कळलं होतं.

मला भडभडून आलं. "काकी, एवढ्या तापात पंधरा मैल कशाला आलीस गं? निरोप धाडायचा! मी आलो असतो की!"

काकीनं डोळे उघडले. आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच.

"आला असतास रं बाळा, न्हाय कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "पर म्हटलं, तू निघायच्या आत आपणच येऊन पोचावं."