कोकराचं टोपडं

पुण्याला कॉलेजात गेलो आणि माझे हात रिकामे झाले. हे वाचायला विचित्र वाटेल, पण मला ते दुसऱ्या रीतीनं सांगता येत नाही. आमच्या वस्तीवर पुरुषाच्या हातात कायम चाती असायची, म्हणजे लोकर कातायची लाकडी टकळी. मेंढरांमागं चालताना, पाणी पाजताना, वाटेत कुणी भेटलं तर बोलतानाही आमच्या वडिलांची, आबांची चाती फिरतच असायची. आबा तिच्याकडं बघायचेही नाहीत. लहानपणी मला वाटायचं, आबांच्या बोटांतूनच सूत निघतं, जसं कोळ्याच्या पोटातून निघतं.

मीही तसाच वाढलो. पुढं भोरच्या मोठ्या शाळेत होतो तेव्हासुद्धा सुटीला घरी आलो की पहिली चाती हातात घ्यायचो आणि मग पाणी प्यायचो. पुण्यात मात्र चाती घेऊन कुठं बसणार? वर्गात प्रोफेसर इंग्रजीतून काही विचारू लागले की बोट माझ्याकडं येईल, अशी भीती वाटायची. हात काहीतरी धरायला शोधायचे, वहीचा कोपरा नाहीतर सदऱ्याचं बटण. मी ते बाकाखाली दाबून ठेवायचो. घरात माझ्या आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्यामुळं ही भीती सगळ्यांनाच वाटते की मलाच, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

ज्या बाईंकडं मी दोन वेळ जेवायचो, त्यांनी ते हेरलं. जेवण झालं तरी मी पंच्याचं टोक बोटांत घेऊन पिळत बसायचो. त्या दुपारी विणत बसायच्या.

"हात शिवशिवतात का रे तुझे?" एकदा त्यांनी विचारलं.

मी घाबरत घाबरत चातीचं सांगितलं.

"मग अर्धं येतंय तुला," त्या म्हणाल्या. "धागा ज्याला कळतो त्याला टाका कळायला वेळ नाही लागत."

सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या दोन तारा. टोकं मी दगडावर घासून गोल केली. पहिला टाका सुलट, मग उलट, पुन्हा सुलट. ओळ संपली की सुई या हातातून त्या हातात. मनात कितीही काहूर असो, ओळीच्या मधोमध कुठंतरी ते खाली बसायचं, गढूळ पाण्यातली माती बसते तसं. ज्याच्यासाठी विणतोय तो माणूस मग डोळ्यांपुढं यायचा. आबा यायचे, आई यायची, मागं डोंगर यायचा, आणि मी खोलीतल्या खाटेवर बसलेला असूनही वस्तीवरच असायचो.

खोलीतली मुलं हसायची. "काय काकू, आज कुणाचा स्वेटर?" असं विचारायची. मी हसून मान खाली घालायचो. खरं तर स्वेटर मला जमतच नव्हता. आबांना गळपट्टी केली, ती परीक्षेच्या दिवसांत केली, त्यामुळं थांबायचं कुठं ते कळलं नाही. वेढे घालूनही ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत यायची. "गळपट्टी हाय का कासरा?" असं म्हणून आबांनी ती घेतली आणि पुढं हिवाळाभर गळ्यातून काढली नाही. आईला पायमोजे केले. ती ते हातात घालून चुलीवरचं भगुणं उतरवायची. "पायाला कशाला? हाताला लई ब्येस हायेत," असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडाला आमच्या भागातला एक तूप विकणारा पुण्यात आला. जाता जाता तो म्हणाला, "तुज्या आक्काला माह्यारी आणलीय. दिस भरत आल्यात."

आक्का माझी थोरली बहीण. मी वेल्ह्याच्या शाळेत जाऊ लागलो तेव्हा माझ्या वाटणीची कोकरं तिनं सांभाळली होती. तिचं आदलं मूल सासरी असताना गेलं होतं, जन्मलं ते रडलंच नाही. त्यानंतर ती बरेच दिवस बोलत नव्हती. आई सांगायची, नुसती बसून असते. आता पुन्हा दिवस भरत आले होते. तूपवाला निघून गेला आणि मी तिथंच रस्त्यावर उभा राहिलो. हात काहीतरी धरायला शोधत होते, आणि या वेळी समोर प्रोफेसरही नव्हते.

आबांनी पाठवलेलं थोडं सूत माझ्यापाशी होतं. कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ. ती लोकर इतर लोकरीसारखी टोचत नाही. आबांनी ती बारीक कातून दिली होती, काळसर तपकिरी, उन्हात धरली तर मधाच्या रंगाची. मी टाके घातले. काय करायचं हे ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. बोटं चालत गेली आणि काही दिवसांत हातात एक टोपडं होतं, माझ्या मुठीवर बसेल एवढं, हनुवटीखाली बांधायला दोन बंद असलेलं.

नाताळच्या सुटीत निघालो. नसरापूरला एसटीतून उतरलो आणि वेल्ह्याची गाडी मिळेपर्यंत रस्त्याकडेला बसून राहिलो. टोपडं सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवलं होतं. वेल्ह्याहून वर चढताना धुकं उतरत होतं. तोरणा दिसत नव्हता, वाट दिसत नव्हती, नुसती मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं कुठूनतरी ऐकू येत होती. त्या आवाजाच्या मागं मागं मी चढलो. मला वाटत होतं, मी चालत नाही, कुणीतरी मला सूत ओढावं तसं वर ओढून घेतंय.

आक्का झोपडीबाहेर घोंगडीवर बसली होती. चेहरा सुजल्यासारखा, पण हसली.

"आला का साहेब?" ती म्हणाली. "वाळलास की रं. पुण्यात भाकर देत्यात का नुसतीच बुकं?"

मी टोपडं काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते मुठीवर चढवलं, मूठ जराशी इकडं तिकडं हलवली, एखादं डोकं हलावं तशी. किती तरी वेळ ती त्या मुठीकडं बघत होती. मग तिनं बंदांची गाठ मारली.

तेवढ्यात आई सरपण घेऊन आली. तिनं पाहिलं आणि मोळी तिथंच टाकली.

"कुणी सांगितलं तुला?" आईचा आवाज इतका हळू होता की मला तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "आदी टोपडं करत्यात व्हय? तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडं पोर जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. पोर आलं की ते आधी जुनेरात, वापरून मऊ झालेल्या फडक्यात गुंडाळायचं. नवं अंगाला लागायचं ते पुढं. आई तर या वेळी पोराचं नावच काढत नव्हती. 'आक्काचं दुखणं' एवढंच म्हणायची. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलं होतं, पण विणताना ते एकदाही मनात आलं नाही. मी बाळासाठी विणत होतो असंही म्हणता येणार नाही. मी माझ्या हातांसाठी विणत होतो.

"उसव ते," आई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मी हात पुढं केला, तर आक्कानं मूठ छातीशी धरली.

"उसवायचं न्हाई," ती म्हणाली. "आये, केल्यालं पुन्ना मोडायचं? माज्या डोळ्यांदेखत?"

टोपडं ठेवता येत नव्हतं, उसवताही येत नव्हतं. धुकं येऊन आमच्यामध्ये बसल्यासारखं झालं.

आबा मेंढरं घेऊन वर आले ते अशा वेळी. घोंगडीच्या ओच्यात त्यांनी एक कोकरू आणलं होतं, त्याच दिवशी जन्मलेलं, थंडीनं लटलट कापणारं. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं. कोकरू खाली ठेवलं. उभ्या उभ्या चाती फिरवली. मग म्हणाले, "लोकर कुणाची?"

"जावळाची," मी म्हणालो.

"म्हंजी कोकराची. मग आदी कोकरू वापरंल की. त्याचं घालून झालं का ते जुनं झालं. नवं कुठं ऱ्हातंय?"

"मेंढराचं उष्टं आन्..." आईनं वाक्य सुरू केलं आणि तसंच सोडलं. कुणाला घालायचं, हे तिला तोंडानं म्हणायचं नव्हतं.

"मेंढीचं दूध चालतं न्हवं आपल्याला?" आबा म्हणाले. "मग टोपड्यानंच काय घोडं मारलं?"

आक्कानं स्वतःच्या हातानं कोकराला टोपडं घातलं. कान दोन्हीकडून बाहेर काढले आणि बंद बांधले. ते इतकं म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागलं की आक्का फसकन हसली. पण आबांनी त्याला त्याच्या आईपाशी नेलं तर मेंढीनं हुंगलं आणि डोक्यानं ढकलून दिलं. टोपड्याला पुण्याचा, साबणाचा वास. पुन्हा नेलं, पुन्हा ढकललं. आक्काचं हसू गेलं. ती घोंगडीवरून अर्धी उठली होती. आईनंही सरपण उचलता उचलता हात थांबवला होता.

आबांनी मेंढीचं थोडं दूध हातावर पिळलं, टोपड्यावर चोळलं आणि कोकरू परत तिच्या तोंडाशी धरलं. तिनं हुंगलं, थांबली. मग जीभ बाहेर काढून टोपडं चाटायला लागली, सावकाश, एका बाजूनं.

"घेतलं का तिनं?" आक्कानं विचारलं. तिला तिथून दिसत होतं, तरी विचारलं.

"घ्येतलं, घ्येतलं," आबा म्हणाले.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. धुकं, चुलीचा धूर आणि टोपडं घालून उड्या मारणारं ते कोकरू, एवढंच एकात एक मिसळून आठवतं. आक्का त्याला हाक मारायची आणि ते यायचं. माझे हात पुन्हा अस्वस्थ झाले होते. सुया काढाव्यात तर आईची भीती. एकदा तिनं मला गवताची काडी बोटांत पिळताना पाहिलं. जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ईन. पर मेंढरासाठीच ईन, दुसऱ्या कुणाचं नगं."

म्हणून मी कोकरांसाठी टोपडी विणली. जाडंभरडं सूत होतं, मेंढरांना टोचायचं काही कारण नव्हतं. त्या डोंगरावर टोपडी घातलेली कोकरं हिंडू लागली. खालच्या वाडीतला एक गुराखी म्हणाला, "काय रं, मेंढरांची बी शाळा काढली का?" मला राग आला नाही. विणताना मी आक्काकडं बघत बसायचो. ती उन्हात डोळे मिटून बसायची, एक हात पोटावर ठेवून. त्या दिवसांत आम्ही जे बोलत नव्हतो ते सगळं मी सुलट-उलट घालत होतो.

मग एका सकाळी आक्काला कळा सुरू झाल्या. आबा वाडीतल्या म्हाताऱ्या सुईणीला घेऊन आले आणि तिनं आम्हा दोघांना बाहेर बसवलं. आबांची चाती फिरत होती, पण पहिल्यांदाच मी पाहिलं की सूत मधेमधे तुटतंय. ते पुन्हा जोडत होते. मी विणत होतो, काय विणत होतो देव जाणे. आतून आक्काचा आवाज येत होता, मग तो थांबला. सुईण काहीतरी भराभर बोलली. पाठीवर थापटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. आबांनी चाती हातात गच्च धरून थांबवली. माझा टाका सुईवरून सुटला, पण तो उचलायला हात उठेना.

आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, कोकरासारखं. आबांनी त्या लांबलचक गळपट्टीनं तोंड पुसलं.

"अरं, कुठं हाईस?" आईनं आतून हाक मारली. "पोरगी झालीया! गार वारं सुटलंय. जा, त्ये टोपडं आण. कोकराचं!"

मी धावलो. कोकरू आता पायांत भरलं होतं, हाती लागेना. मी वर गेलो की ते खाली, मी खाली गेलो की ते कातळावर. शेवटी दोन्ही हातांनी धरलं आणि मांडीत दाबून गाठ सोडली. बंद चघळून चघळून मऊ झाले होते. टोपड्याला दुधाचा, लेंडीचा, गवताचा वास येत होता, साबणाचा मुळीच नव्हता. आईनं ते ऊन पाण्यातून काढलं, चुलीशी धरून कोरडं केलं आणि आत नेलं.

थोड्या वेळानं मला दारातून बघू दिलं. आक्का थकून पडली होती, डोळे उघडे होते. तिच्या कुशीत जुन्या लुगड्याची एक गुंडाळी होती. कोकराच्या डोक्यानं टोपडं सैल झालं होतं, ते पार डोळ्यांवर आलं होतं. खाली फक्त एक नाक आणि उघडं तोंड.

"लई मोठं झालं गं," मी म्हणालो. "आवळून देऊ का? दुसरं करू?"

"ऱ्हाऊ दे तसंच," आईनं टोपडं बोटानं जरासं वर सारलं. "वाढंल की ती."