आखणीवालीचा आकडा

पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यात मालू म्हात्रे गणपतीचे डोळे काढायला बसली, की कोणीतरी उठून रेडिओ बारीक करायचं. बावीस वर्षं ती डोळ्यांची आखणी करत आली. श्वास रोखायचा, कुंचल्याचं टोक टेकवायचं आणि एका ओढीत पापणी उतरवायची. इतका वेळ गप्प बसलेली माती एकदम तुमच्याकडे बघायला लागायची. रंगमंचावर अशी एंट्री भल्याभल्या नटांना साधली नाही.

पण या बावीस वर्षांत मालूने आपल्या कामाचा आकडा एकदाही तोंडातून काढला नव्हता. त्या कारखान्याची रीतच तशी. हंगामाच्या सुरुवातीला कारखानदार गुणाजीशेठ हातावर नारळ-सुपारी ठेवणार, मालू म्हणणार, "तुमी द्याल ते," आणि शेवटची मूर्ती टेम्पोत चढली की पाकीट मिळणार. देवाच्या डोळ्यांचा भाव करू नये म्हणे! आणि हेच गुणाजीशेठ मुंबईच्या व्यापाऱ्याशी त्याच देवाचा भाव करताना तासभर घसा कोरडा करायचे. तेव्हा देव आड येत नसे.

हंगाम संपला की मालूचे चार महिने बसून जायचे. म्हणून रोह्याला हॉटेलांसाठी फायबरचे पुतळे बनवणाऱ्या एका कंपनीत बारमाही काम आहे असं कळताच तिने पेणहून सकाळची गाडी पकडली. सोबत जगन होता. मालूच्याच कारखान्यात तो मूर्तीच्या अंगावर स्प्रेने रंग मारायचा.

कंपनीत दोघांना फॉर्म दिले. नाव, गाव, अनुभव, सगळं मालूने ठसठशीत अक्षरात लिहिलं. मग रकाना आला, "अपेक्षित पगार". तिने एकदा जगनकडे बघितलं. तो मान खाली घालून भराभर लिहीत होता. मालूने लिहिलं, "द्याल ते."

नंतर कामाची परीक्षा. नर्तकीचा पुतळा, डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या खोबण्या. अर्ध्या तासात ती नर्तकी अशी काही बघायला लागली, की शेडमधली माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. माणसं भरती करणारा हर्षद नावाचा तरुण अधिकारी तर फोटोच काढत सुटला. "ताई, कमाल केलीत!" म्हणाला.

दुपारी नेमणुकीची पत्रं मिळाली. मालूच्या पत्रात महिना बारा हजार. बारमाही काम मिळालं या आनंदात ती फाटकाबाहेरच्या टपरीवर आली. जगन चहा पीत होता.

"वैनी, माझं पन झालं! बावीस मागितले, वीसवर आले."

मालूने त्याच्या हातातला कागद ओढला. खरंच वीस.

"तुला काम काय रे हितं?"

"अंगाला स्प्रे. डोळे तुमीच करायचे."

"तुझा स्प्रे डोल्यात उतरायचा, तो पुसून कोन काढायचं?"

"तुमीच."

"आनि मना बारा?"

बिचारा जगन हळूच म्हणाला, "पन वैनी, तुमी मागितले किती?"

या प्रश्नावर मालूचं तोंड तापलेल्या तव्यासारखं झालं. राग जगनचा नव्हता. तो दोन वर्षं पनवेलला एका कंपनीत राबून शहाणा झाला होता. राग गुणाजीशेठचा होता, त्या सुपारीचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण स्वतःला ओरडणार कसं? ती तरातरा आत गेली आणि हर्षदच्या टेबलावर पत्र आपटलं.

"हा काय कागद हाय?"

हर्षदने शांतपणे तिचा फॉर्म काढून समोर फिरवला. "ताई, अक्षर तुमचंच ना? द्याल ते."

"द्याल ते म्हंजे फेकाल ते नाय! काम बघून, इचार करून द्याल ते. काम बघितलंत. फोटो काढलात. कमाल म्हनालात. मग इचार कुठं गेलता?"

"कंपनीत असंच असतं, ताई. जो आकडा सांगतो त्याच्याशी आम्ही बोलतो. जो सांगत नाही, त्याला कमीत कमी." हे सांगताना त्याला काडीची लाज वाटली नाही.

"मग आता सांगते."

पण बावीस वर्षं गिळलेला आकडा तो, सहज कसा येईल? तिने टेबलाची कड धरली.

"पंचवीस हजार."

हर्षद हसला. "बाराचे एकदम पंचवीस?"

"बारा तुमचे. माझे पंचवीसच."

"पंधरा करतो."

मालूने पत्र तिथेच ठेवलं आणि बाहेर पडली. ती थेट रोहा स्टेशनवर येऊन बाकावर बसली. तेवढ्यात जगनचा फोन आला.

"वैनी, साहेब इचारतायत, अठरा चालतील काय? डोळे काढायला दुसरं कोन नाय गावत."

"त्याला तोंड नाय? तुझ्या तोंडून का बोलतो?"

खरखर झाली, मग हर्षदचा आवाज. "ताई, बरं, वीस. जगनएवढे. आता तरी ठीक?"

"जगनएवढे?" मालूचा आवाज चढला. "जगनचं काम जगनएवढं. पंचवीस."

"मालकांना विचारून सांगतो."

"इचारा. माझी गाडी आली."

बाकावर शेजारी बसलेल्या एका कोळणीने हे सगळं ऐकलं होतं. डब्यात चढल्यावर टोपली पायाशी ओढत तिने विचारलं, "एवढं देतील काय गो तुला?"

"नाय दिले," मालू म्हणाली, "तर त्यांनी आपल्या हातानं काढावे डोले."