रंगूनच्या सुनेची हमी

भंडारा जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका पोवार जातीच्या घरातला झामसिंग गोंदियाच्या धानगिरणीत इंजिनाचं काम शिकला आणि एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं रंगूनला गेला. तिथल्या गिरणीच्या फाटकासमोर मा टिन तांदळाच्या शेवया विकायची. सुरुवातीला दोघांचं बोलणं हातवाऱ्यांवरच भागे. मग तिला मोडकंतोडकं हिंदी येऊ लागलं, त्याला ब्रह्मी. तिच्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी लग्न केलं. कागद कोणी केला नाही. तिकडे तशी रीतच नव्हती.

बेचाळीस साली जपानी फौजा आल्या आणि हिंदी माणसं मिळेल त्या वाटेनं पळू लागली. मा टिनचा बाप अंथरुणाला खिळलेला. "तुम जाओ," ती म्हणाली, "बाबा को कौन देखेगा?" झामसिंगनं खूप विनवलं, पण ती हलली नाही. शेवटी तो एकटाच अराकानचे डोंगर ओलांडून, तापानं फणफणत, कसाबसा घरी पोचला.

त्याची आई धुरपताबाई विधवा. पोरगा जिवंत आला म्हणून तिनं देवीला नारळ वाहिला. पण ब्रह्मी बायकोचं ऐकलं आणि तिनं तोंड फिरवलं. लढाई चालली तोवर रंगूनची काही खबर नव्हती. आईनं त्याच्यासाठी कामठ्याकडची मुलगी पाहिली.

"मायं लगन झालं, माय," झामसिंग म्हणाला.

"मेली का जगली, ठाऊक तरी आहे का तुले?"

"नाही. पन मेली असंबी कोनी सांगलं नाही."

लढाई संपल्यावर गिरणीतला जुना सोबती सुखराम रंगूनहून परतला आणि थेट झामसिंगच्या अंगणात येऊन उभा राहिला. "तुई बायको जित्ती आहे," तो म्हणाला. "बाप मेला तिचा. शेवटपर्यंत तिनंच केलं त्याचं. आता तुई वाट पाहून राहिली."

झामसिंग तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. दारात उभी असलेली धुरपताबाई चुलीकडे वळली. सुखराम जेवायला बसला तेव्हा तिनं खोदखोदून विचारलं: बापाचं काय दुखणं होतं, घरात आणखी कोण होतं, बॉम्ब पडत तेव्हा म्हाताऱ्याला कोण उचलायचं? सुखराम सांगत गेला, ती भात वाढत गेली.

ब्रह्मदेश लढाईआधीच हिंदुस्थानापासून वेगळा झाला होता. जहाजात जागा मिळायची तर इकडून परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी ती याचीच बायको आहे, तिला घरात ठेवून घेऊ, अशी गावातल्या वजनदार माणसानं भंडाऱ्याच्या कचेरीत द्यायची हमी हवी होती. झामसिंग गावचे जमीनदार, मालगुजार केशोराव पाटलांकडे गेला. "परजातीच्या बाईसाठी मी कायले सही देऊ?" ते म्हणाले. "उद्या जात मलेच विचारन."

तो मान खाली घालून घरी आला. ते ऐकून धुरपताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि पाटलांचं अंगण गाठलं.

"पाटील, जातीले मी उत्तर देतो. ज्या पोरीनं मरत्या बापाले सोडलं नाही, ते माह्या म्हातारपनी मले सोडन का? तुमी फक्त भंडाऱ्याले चला."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी गड्याला सांगितलं, बैल जुंप.

भंडाऱ्याच्या कचेरीत बाबूनं धुरपताबाईला विचारलं, "बाई, तुम्ही त्या बाईला कधी पाहिलं तरी आहे का?"

"नाही."

"मग ती तुमची सून हे कशावरून?"

"मले तरी माह्या सासूनं लगनाआधी कुठं पाह्यलं होतं, बाबू?"

बाबूला हसू आवरेना. पाटलांनी हमीवर सही केली आणि कागद पुढच्या टेबलावर सरकला.

परवानगी यायला पावसाळा गेला, हिवाळाही निम्मा सरला. झामसिंग कलकत्त्याला जाऊन तिला घेऊन आला. गोंदियाच्या फलाटावर धुरपताबाई स्वतः आली होती. मा टिन गाडीतून उतरली, फलाटावरच गुडघे टेकून बसली आणि हात जोडून तिनं तिकडच्या रीतीप्रमाणे तीनदा जमिनीला कपाळ लावलं. लोक थांबून पाहू लागले.

"ऊठ वं बाई, मातीत काऊन बसली?" म्हणत धुरपताबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

जातीनं दोन-तीन लग्नांत त्यांना बोलावलं नाही. धुरपताबाईनं त्याची तक्रार केली नाही. भातलावणीची रोवणी आली तेव्हा मा टिन चिखलात उतरून सराईतपणे रोपं लावू लागली आणि बांधावरच्या बायका पाहतच राहिल्या. धानाच्या मुलखातलीच पोर ती. त्या दिवाळीला पाटलांच्या घरचं बोलावणं आलं, तिघांनाही. पाटलांच्या अंगणात पंगत बसली. मा टिन सासूच्या मांडीला मांडी लावून जेवत होती. समोरच्या पंगतीतून झामसिंग दोघींकडे पाहत होता. शेजारी बसलेल्या सुखरामचा हात त्यानं नुसता घट्ट दाबला.