राजा पडतो तो ठोका

वाद्यवृंदात त्यांना सगळे ढोलकाका म्हणत. बुद्धिबळावरच्या त्या बॅलेत त्यांना काम असं नव्हतंच. प्यादी बासरीवर नाचायची, घोडे तुताऱ्यांवर उड्या मारायचे आणि काका मोठ्या ढोलामागे हाताची घडी घालून बसायचे. शेवटी संगीत एकदम थांबायचं. राजा पटावर एकटा उरायचा. त्या शांततेत काकांनी एकच ठोका द्यायचा आणि राजाने कोसळायचं. बायको म्हणायची, "लोक वाजवून दमतात, तुम्ही न वाजवता दमता."

राजा करणारा नर्तक त्यांचा जुना दोस्त. पडदा उघडण्याआधी रंगमंचाच्या कडेवरून वाकून म्हणायचा, "काका, आज जरा हळू मारा. माणूस मारायचाय, दार नाही तोडायचं."

एका संध्याकाळी ठोका पडला, राजा पडला, पडदा पडला. टाळ्या घ्यायला मेलेल्या सोंगट्या उठून उभ्या राहिल्या. राजा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

काकांना कोणी बोल लावला नाही. पण त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. घरात झाकण पडलं तरी काका दचकून उभे राहायचे. बायको भांडी फडक्यावर ठेवायला लागली.

नवा राजा आला. पहिल्याच खेळात काकांनी दांडी उचलली आणि कानाशी स्पष्ट ऐकू आलं, "हळू." हात तिथेच अडला. नवा राजा बिचारा वाट बघून बघून आपणच गुडघ्यांवर आला, आडवा झाला. प्रेक्षागृह आधी गप्प, मग टाळ्यांचा नुसता पाऊस.

"काका, कमाल सुचलं तुम्हाला," संचालक म्हणाले. "आता असंच ठेवू. ठोका नकोच."

काकांनी खुलासा केला नाही. पण त्यानंतर दर खेळाला राजा आवाजाशिवाय पडायचा आणि काकांना वाटायचं, पटावर अजून कोणीतरी उभं आहे.

कपडेपट सांभाळायची ती त्या दोस्ताची बायको. एका दुपारी राजाच्या अंगरख्याला इस्त्री करता करता ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हालाही ते दिसतात ना?"

काका खालीच बसले.

"ठोक्याशिवाय पडायचं नाही, हीच सवय त्यांना," ती म्हणाली. "किती दिवस उभं ठेवणार?"

"वहिनी, मीच मारला त्याला."

"तुम्ही वेळेवर वाजवलं. आताही वाजवा."

दोघं रिकाम्या थिएटरात गेले. ती पटाच्या कडेला उभी राहिली. काकांनी डोळे मिटले, दांडी उचलली आणि कानाशी कोण काय म्हणतंय ते ऐकलं न ऐकलं करून पूर्ण ताकदीने ठोका दिला. खुर्च्यांच्या रांगांतून आवाज फिरून आला, विरला. बराच वेळ ती मधल्या पांढऱ्या घराकडे बघत होती.

"पडले," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून इस्त्रीकडे गेली.

काका उठले नाहीत. त्यांना अजून डोळे उघडायचा धीर होत नव्हता.