चिराग बढाव

माझे दीर आणि माझा नवरा एकाच संध्याकाळी एकमेकांच्या प्रेमापायी विष पिऊन मेले, आणि दोघंही माझ्यामुळे पुन्हा उठले.

घाबरू नका, नाटक होतं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यात मस्तगडला आमचं घर. घरामागच्या मोकळ्या जागेत गल्लीतल्या हौशी मंडळींनी चौक्या मांडून रंगमंच केला होता. नायक माझे धाकटे दीर माधवभावजी, नायिका आमचे ‘हे’. (वडील हयात असताना मिशी काढली म्हणून सासूबाई यांच्याशी बोलत नव्हत्या. लुगडं मात्र त्यांनीच नेसवलं.) नाटक लिहिलं आणि बसवलं शेजारच्या करीममास्तरांनी. ते शाळेत उर्दू शिकवत आणि त्यांचा प्रेमावर फार विश्वास होता, बहुतेक लग्न झालेलं नव्हतं म्हणून.

त्या नाटकातले प्रेमिक भेटले की उजेड-अंधाराशिवाय दुसरं काही बोलतच नसत. तो म्हणे, ‘तू आलीस अन् अंधार लाजला!’ ती म्हणे, ‘उजेड आपला वैरी, नाथ! अंधारच आपला सोयरा!’ दर भेटीला हेच. संसाराचं एक अक्षर नाही! पण मास्तर म्हणत, ‘भाभी, यही तो नाटक की जान है. उजेड झाला की ताटातूट, अंधार झाला की मिलाप.’ म्हणून शेवटी दोघं मेले की दिवा पुरता विझवायचा. शिवाय पडदा उंदरांनी खाल्ला होता, तेव्हा मेलेल्यांना उठून घरात जायलाही अंधाराचीच सोय होती.

दिवा म्हणजे एक गॅसबत्ती, आणि ती माझ्या ताब्यात. कारण गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना तोंड रंगवायचं होतं. भेटीच्या प्रवेशात बत्तीपुढं सूप धरायचं, तेवढं मला जमत होतं. शेवटचं विझवणं मात्र कधी करून पाहिलंच नाही. तालमी भर दिवसा व्हायच्या. मास्तर टाळी वाजवत, मी ‘विझला’ म्हणे, आणि मेलेली मंडळी चहाला उठत.

खरी धास्ती वेगळीच होती. जाफराबादच्या एका पाटलांची मुलगी भावजींनी कुठल्याशा लग्नात पाहिली होती, आणि करीन तर हिच्याशीच म्हणून बसले होते. पाटील मुलगा पाहायला आले ते नेमके नाटकाच्या दिवशी! सासऱ्यांनी त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. टेकता टेकताच ते म्हणाले, ‘पोरगं नाटकात काम करून राह्यलं म्हणता? मंग घर कोण चालवंल? आज पाहू, अन् मंग सांगू.’

भावजी मेले, फार सुंदर मेले. त्यांच्या छातीवर हे मेले, जरा जड. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाटलांनीही उपरण्यानं नाक पुसलं. मी म्हटलं, जमलं लग्न! आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता एवढ्या टाळ्यांत मास्तरांची टाळी कोणती?

आडोशातून मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, ‘भाभी, चिराग बढाव!’

बढाव? असेल, उजेड कमी पडत असेल. मी पंपाला चार दट्टे दिले. बत्ती फुसफुसली.

‘बढाव, भाभी! जल्दी बढाव!’

‘अहो, वाढवतेच आहे!’ मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पंप मारायला लागले.

दिवस उगवल्यासारखा लख्ख उजेड पडला. यांच्या लुगड्याखालचं धोतर पार मागच्या रांगेला दिसलं. गावातली सगळी पाखरं बत्तीवर धावली आणि तिथून टपाटपा दोन्ही प्रेतांवर पडू लागली. आधी नायिकेचा अंगठा हलला. मग तिनं पोटरी खाजवली.

‘जित्ती हाय रे!’ गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

‘वहिनी,’ दात न उघडता भावजी म्हणाले, ‘विझवा ना!’

‘मास्तर बढाव म्हणून राह्यलेत!’ मी खणखणीत उत्तर दिलं. (मेलेल्याशी बोलू नये, हे मला सुचलं नाही.)

तेवढ्यात बत्तीची काच तडकली आणि जाळ हातभर वर गेला. पुढची सतरंजी मागच्या सतरंजीवर धावली. भावजींनी यांना छातीवरून उलथून टाकलं, उडी मारून बत्तीपाशी आले, मला मागं ढकललं, हवा सोडली आणि जाळ शांत केला. मिट्ट काळोख! त्या काळोखात नायिकेचा खर्जातला आवाज आला, ‘माझ्या लुगड्यावर पाय कोणाचाय?’

‘काय दिवे लावले गं सूनबाई!’ सासूबाई.

‘मास्तरांनीच बढाव म्हटलं!’ मी म्हटलं.

‘या अल्ला!’ काळोखातून मास्तर कळवळून म्हणाले. ‘घर में मेहमान बैठे, बुझाव कैसा बोलूँ? बदशगुन होता! चिराग बुझाते नईं भाभी, बढाते!’

बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणायचं, दुकान बंद केलं तर ‘वाढवलं’ म्हणायचं, हे मलाही ठाऊक होतं. पण माझं माहेर नगरकडचं. आमच्याकडं दिवा मालवतात. तो वाढवला की विझतो, हे मला कोणी लग्न ठरवताना सांगितलं नव्हतं!

कंदील आला. सासरे हात जोडून पाटलांपुढं उभे. भावजींचा चेहरा विष प्यायल्यापेक्षा आता जास्त उतरलेला.

पाटलांनी पागोटं नीट केलं. ‘पोरगं कामाचं हाय,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडं आग लागली तर जित्ती माणसं पाहत उभी राह्यतात. हे तर मेलेलं उठून धावलं! दिली आपली पोरगी.’ मग माझ्याकडं पाहून सासऱ्यांना हळूच म्हणाले, ‘बस, लग्नात या बाईंना दिव्याजवळ जाऊ देऊ नका.’

लग्न जाफराबादला थाटात झालं. शकुनदिवा चुलत नणंदेनं धरला. मागून आमच्याकडं पूजेची पंगत बसली, तेव्हा सासूबाईंनी मला वाढायला लावलं. ‘वाढ म्हटलं की वाढायचं, यात तर काही चुकणार न्हाई ना?’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बिलकुल नाही. आणि पाटलांनी ‘पुरे, पुरे’ म्हणत पत्रावळीवर आडवा धरलेला हात मला दिसला, तो गरम आमटी ओतून झाल्यावर!